शेजारच्या सीटखालचं कार्पेट

मापसाहेबांची बायको त्यांच्या गाडीत बसत नसे. भांडण काही नव्हतं, वास होता.

उन्हाळ्यात एकदा दुधाचा कॅन शेजारच्या सीटपुढे आडवा झाला आणि सगळं दूध गाडीनं पिऊन टाकलं. कॅन कोणामुळे पडला यावर घरात दोन मतं होती. "तुम्ही ब्रेक असा मारलात, जसं काही पुढे दरी आहे," हे एक. "तू झाकण लावलं होतंस की नुसतं वर ठेवलं होतंस?" हे दुसरं. दूध कोणाचीच बाजू न घेता आतल्या आत नासत गेलं.

मापसाहेबांनी नोकरीभर दुकानदारांची वजनं-मापं तपासली. निवृत्त झाले तरी नाव चिकटलेलंच राहिलं, आणि एक गोष्ट मनात घेतली की ती तडीला न्यायची ही खोडही.

बुधवारी बायकोनं जाहीर केलं, "रविवारी दादाकडे जेवायला जायचंय. ताई आणि भाऊजी मला न्यायला येणार आहेत. तुम्ही या मागून, तुमचा गोठा घेऊन."

भाऊजी म्हणजे मापसाहेबांचे साडू. नवी कोरी गाडी आणि किल्ली बोटावर गरागरा फिरवायची सवय. साडूच्या मागे एकट्यानं गाडी हाकत जायचं, हे मापसाहेबांच्या नाकाला दुधापेक्षा जास्त झोंबलं.

"रविवारी तू माझ्या शेजारी बसून येशील," ते म्हणाले.

"वास गेला तर."

"गेलाच म्हणून समज."

पाना घेऊन त्यांनी पुढच्या दोन्ही सीट उपटल्या आणि दिवाणखान्यात आणून मांडल्या. दम खायला ते एकीवर टेकले, तर बायको भाजी निवडायला दुसरीवर येऊन बसली.

"ही बघा, बसले तुमच्या शेजारी. झालं समाधान?"

"हे धरायचं नाही. गाडी हलली पाहिजे."

कार्पेट गच्चीवर गेलं. साबण, ब्रश आणि मापसाहेबांचे दोन्ही गुडघे कामाला लागले. आधी काळं पाणी निघालं, मग राखाडी, आणि शेवटी कार्पेट निळं निघालं. इतकी वर्षं मापसाहेब ते काळंच आहे असं मानून चालले होते.

"कोणाचं उचलून आणलंत?" बायकोनं विचारलं.

वाळायला त्यांनी ते पाण्याच्या गोल टाकीवर पसरलं. ऊन कडक होतं. कार्पेट खडखडीत वाळलं, पण टाकीचा आकार घेऊन. गाडीत घातल्यावर आत कोणीतरी पोट वर करून झोपल्यासारखं दिसायला लागलं. आणि वास? होता तिथेच, उलट अंघोळ करून आल्यासारखा ताजातवाना.

मापसाहेब हार मानणारे नव्हते. कार्पेट पुन्हा बाहेर ओढून त्यांनी डोकं थेट डॅशबोर्डखाली घातलं, पाय दाराबाहेर, आणि वास नेमका कुठून येतो ते शोधायला निपचित पडून राहिले. तेवढ्यात तळमजल्यावरची शिंपीणबाई झाडांना घालायला पाण्याची बादली घेऊन निघाली. तिला दिसले ते नुसते दोन पाय. तेही हलेनात.

"अगं बाई, मापसाहेब गेले!" म्हणत तिनं अख्खी बादली गाडीत रिकामी केली.

"अहो, मी वास घेतोय!" आतून बुडबुडे आले.

"मग हाक मारल्यावर ओ द्यायला काय होतं?"

"तुम्ही हाक मारलीत कुठे?"

"आधी पाणी, मग हाक. जीव महत्त्वाचा."

पण त्या पाण्यानं वास खडबडून जागा झाला आणि स्वतःहून पत्ता देऊन बसला. कार्पेटच्या खाली पत्र्याला चिकटवलेला फेल्टचा जाड, लोकरीच्या गादीसारखा थर होता. सगळं दूध त्यानं पोटात ठेवलं होतं. इतका वेळ मापसाहेब निरपराध कार्पेटला धोपटत होते आणि खरा आरोपी खाली ऐसपैस पसरलेला!

त्यांनी स्वयंपाकघरातलं उलथनं आणलं आणि फेल्ट खरवडायला घेतला. तो लगद्यासारखा निघत होता. नाकाला रुमाल बांधून मापसाहेब खरवडत राहिले, डोळ्यांतून पाणी गळलं तरी थांबले नाहीत.

"त्या उलथन्याला आता माझ्या स्वयंपाकघरात थारा नाही!" खिडकीतून बायको ओरडली.

पत्रा घासून, वाळवून त्यांनी नवा फेल्ट मापात कापून बसवला. कार्पेटच्या पोटाचं काय करायचं ते ठरलेलंच होतं. शिंपीणबाई एक बादली देणं लागत होती, म्हणून तिची वाफेची इस्त्री मागून आणली. एकीकडे वाफ आणि दुसरीकडे ऊन-ऊन कार्पेट मुठींनी खाचाखोचांत दाबणं. हात पोळले, शिव्या निसटल्या, पण पोट बसलं. मग सीटच्या बोल्टची भोकं कार्पेटखाली गडप झाली. तीही त्यांनी विणायच्या सुईनं टोचून-टोचून शोधली. शनिवारी संध्याकाळी सीट जागेवर होत्या आणि मापसाहेब जुन्या कंगव्यानं कार्पेटचे केस विंचरत होते.

रविवारी साडू आले. "काय साडूभाऊ, येताय ना आमच्या मागून?"

मापसाहेबांनी शेजारचं दार उघडलं. बायकोनं डोकं आत घातलं. एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. मापसाहेबांचा अडकला.

"साबणाचा येतोय," असं म्हणून ती सीटवर बसली आणि पाय आत घेऊ लागली. शिंपीणबाईच्या झाडांपाशी चिखल झाला होता. तो चपलेला लागला होता.

"पाय!" मापसाहेब किंचाळले.

पाय हवेत थांबला. "काय झालं पायाला?"

"चपला बाहेर ठेव जरा. आणि पाय टेकवू नकोस, कडेला अजून ओलसर आहे."

"म्हणजे दादाच्या घरापर्यंत पाय अधांतरी धरून येऊ?"

"वर मांडी घालून बसलीस तर..."

समोरच्या गाडीची काच खाली झाली. "इकडे ये गं!" साडू हसत म्हणाले. "आमच्याकडे पाय टेकवायला बंदी नाही!"

बायकोनं पाय परत रस्त्यावर ठेवला आणि दाराला धरून उठायला लागली.

मापसाहेबांनी कार्पेटकडे पाहिलं. निळंशार, एकही केस वाकडा नाही. मग चपलेकडे पाहिलं. उभ्या नोकरीत त्यांनी कोणाला रतीभर सूट दिली नव्हती.

"टेकव," ते म्हणाले.

"काय?"

"पाय. दोन्ही. चपलांसकट." दाढ उपटून घेताना यावा तसा आवाज आला.

बायकोनं दोन्ही पाय आत घेतले, सावकाश टेकवले आणि त्यांच्याकडे बघत जरासे पुढे-मागे घासलेसुद्धा. मापसाहेबांनी दात आवळून गाडी सुरू केली.

"भाऊजींच्या पुढे काढा," ती म्हणाली.

त्यांनी काढली. पहिल्या सिग्नलपर्यंत मान जराही वळवली नाही. सिग्नलला मात्र राहवलं नाही.

"खाली काय बघताय?" बायको म्हणाली. "हिरवा लागलाय."

आणि मागून साडूचा हॉर्न वाजला.