हायब्रिडची पाटी

हिंगोलीहून सेनगावकडं जाताना डाव्या हाताला शितलचं गॅरेज लागतं. पाटीवरचा 'हायब्रिड' हा शब्द तिनं स्वतः लाल रंगात काढलाय, तोही बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा. जीपा आणि ट्रॅक्टरांच्या या मुलखात पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी औषधालाही सापडत नव्हती, तरी तिनं तो काढला. पुण्यात अशाच गाड्यांच्या बॅटऱ्यांशी झटून ती गावाकडं परतली होती, आणि आपल्याला येतं ते मोठ्यानं सांगायला लाजावं असं तिला कधी वाटलंच नाही.

अशी पहिली गाडी आली ती लिंबाजीमामांची. मामा रक्ताच्या नात्यातले नव्हेत, पण शितलसारखेच मेंढपाळ घरातले, म्हणून मामा. त्यांची आई भागाबाई गुडघ्यांनी थकली होती, आणि धाकटा भाऊ कोंडीबा मेंढरं घेऊन आज या शिवारात तर उद्या त्या. आईला अधूनमधून मेंढरांत नेऊन बसवता यावं म्हणून मामांनी ही जुनी हायब्रिड घेतली. पण ती वाटेतच दगा द्यायची. लाल दिवा लागायचा, जोर जायचा आणि अडेल बैलासारखी गाडी रस्त्याच्या कडेला बसकण मारायची.

शितलनं मागच्या सीटखालची बॅटरी उघडली. कमजोर सेल बदलले, गंजलेल्या जोडण्या घासल्या, बॅटरीला गार ठेवणाऱ्या पंख्यात अडकलेली लोकर उपसून काढली. मेंढपाळाच्या गाडीत लोकर नाही तर काय सापडणार, असं म्हणत तिनं ती झटकून टाकली. मग गाडी जवळच्या नरसी गावापर्यंत पिटाळून आणली. दिवा लागला नाही.

तो लागला मामा घरी पोचायच्या आत.

"काहून गं, ह्याला रिपेर म्हणतेत व्हय?" मामा दुसऱ्या दिवशी दारात हजर. शितलनं सगळं पुन्हा तपासलं, पुन्हा नरसीचा फेरा मारला. काही दोष नाही. मामा गाडी घेऊन गेले आणि पुन्हा तेच. त्यातही वाईट म्हणजे दुरुस्तीआधी दिवा लागायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाही आता लागत नव्हता.

"तू बसली की गुमान चालती, आमी बसलो की रुसती," मामा वैतागले. "इकून टाकतो. आईला म्हणतो, बस घरी."

समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्यांनी कान टवकारले. शितलला ते बोलणं झोंबलं.

"मामा, अजून एक डाव आणा गाडी. चूक माझ्या हाताची निघाली, तर पाटीवरचा हायब्रिड शब्द तुमच्यासमोर पुसते."

बोलून गेली आणि तिची नजर पाटीकडं गेली. त्या एका शब्दासाठीच तर ती पुणं सोडून आली होती. पण तोंडावर तिनं काही दिसू दिलं नाही.

यावेळी मागच्या सीटवर भागाबाई बसून आली. खाली तिची घोंगडी, म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याची. शितलनं नेहमीसारखे साबणानं हात धुतले. घोंगडीला तेलकट हात लागू नये, पाय तर लागूच नये, हे तिच्या घरचं वळण. दर खेपेला कामाआधी ती घोंगडी घडी करून देवाच्या फोटोशेजारी ठेवायची, आणि गाडी परत देताना सीटवर अंथरून कडा घट्ट खोचून द्यायची.

"आज्जी, उतरता का जरा? घोंगडी काढते."

"न्हाई उतरत. माझे गुडघे काय तुझ्या गॅरेजात बदलून मिळतेत? अशीच चालव."

शितलचा नाइलाज झाला. बॅटरीचे आकडे दाखवणारा स्कॅनर जोडला, मामांना टपरीवर बसवलं आणि ती म्हातारीला घेऊन निघाली. थोडं अंतर गेलं तोच बॅटरीचं तापमान चढायला लागलं. पंखा जीव खाऊन फिरत होता, तरी आकडा चढतच होता. आणि दिवा लागला.

"सापडला!" शितल ओरडली.

"दिवा लागला अन् ही पोरगी हासून राहिली," भागाबाई पुटपुटली.

शितलनं लिंबाखाली गाडी थांबवली आणि मागच्या सीटच्या कडेला हात घातला. तिथं बॅटरीसाठी हवा ओढायची जाळी होती. घोंगडी त्या जाळीला घट्ट चिकटली होती. तिनं कड ओढून काढली तसा आकडा उतरू लागला.

कड मात्र तिच्याच पद्धतीनं खोचलेली होती. मामा घोंगडी नुसती टाकायचे, तेव्हा फटीतून थोडी तरी हवा जायची. हिनं खोचून तीही बंद केली होती. वर गाडी तपासताना घोंगडी देवापाशी, मग दिवा लागणार कसा? तिचं हसू मावळलं.

परत आल्यावर तिनं टपरीसमोर, सगळ्यांच्या देखत मामांना हे जसंच्या तसं सांगितलं. "चूक माझ्या हाताची," म्हणाली, फडक्यावर थिनर ओतलं आणि पाटीखाली स्टूल ओढलं. शब्द म्हणजे शब्द.

"ए पोरी," भागाबाई गाडीतून खेकसली, "आधी मला मेंढरांत सोड. वाटंत दिवा लागला तर मंग पूस."

शितलनं फडकं स्टुलावर टाकलं. घोंगडी वर घेऊन, जाळी मोकळी ठेवून अंथरली. स्कॅनरनं दिवा विझवला आणि मामांना शेजारी बसवून गाडी काढली. सेनगाव मागं पडलं, कच्चा रस्ता लागला. मामांची नजर दिव्यावरून हलत नव्हती. कोंडीबाचा कळप दिसेपर्यंत तो लागला नाही.

भागाबाईला तिनं हाताला धरून उतरवलं. कोंडीबानं नुकतंच जन्मलेलं कोकरू आईच्या मांडीवर दिलं. वारा होता. म्हातारीनं त्याला घोंगडीत गुंडाळलं, आणि मामांशी बोलता बोलता, न बघताच, त्याच्या नाकावर आलेली कड श्वासासाठी बोटानं मागं सारली.

शितल बघतच राहिली. लहानपणी तिनंही शंभरदा केलं होतं ते.

"आज्जी, हेच मला त्या बॅटरीचं करता आलं न्हाई," ती म्हणाली.

"आज आलं की," भागाबाई म्हणाली. "राहू दे तुझी पाटी."