आम्हाला काय म्हणायचं

आम्हाला काय म्हणायचं यावर शहाण्या माणसांनी अख्खा दिवस घातला. गंगापूर रोडच्या हॉटेलात, एसी लावून. मी तिथं होते म्हणून सांगते, नायतर मला कोणी सांगितलं असतं तर मीच त्याला खोटारडा म्हणले असते.

आमची वस्ती सातपूरच्या पलीकडं, मळ्यात. झेंडू, शेवंती करतो आणि फुलबाजारात नेतो. वरच्या अंगाला एक कारखाना झाला आणि त्याचं पाणी नाल्यातून आमच्या विहिरीत झिरपायला लागलं. पाण्याला वास, हंड्याला पिवळा थर. माझ्या सुनेचं, सुवर्णाचं, लेकरू त्या पाण्यानं न्हालं की अंगभर पुरळ उठायचं. रात रात खाजवायचं बिचारं. कारखान्याचा पाइप बंद करा आणि आम्हाला नळ द्या, एवढाच आमचा सरकारात अर्ज. तर तिथला साहेब म्हणाला, पाणी खराब आहे हे सांगणारे तुम्ही कोण? कोणी जाणकार आणा.

म्हणून योगिनी मॅडमच्या संस्थेला आम्ही हो म्हणलं. मॅडमची पाण्यावरच डॉक्टरकी झालेली. वर्षभर मी, शेजारची चांगुणा आणि वस्तीतल्या बाया विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून देत होतो. मॅडमनी तपासलं, पाण्यात विष निघालं, अहवाल झाला. सुनावणीची तारीख लागली. आता मॅडमनी साहेबापुढं उभं राहायचं आणि हे पाणी पिण्याजोगं नाय एवढं बोलायचं. तेच सांगायला मी आदल्या दिवशी त्या हॉटेलात, संस्थेच्या बैठकीला गेले.

तर तिथं ही तऱ्हा! अहवालात आम्हाला 'नागरिक शास्त्रज्ञ' लिहिलेलं. एक दाढीवाला म्हणाला, 'नागरिक' नको, ज्याच्याकडं कागदपत्रं नाहीत तो दुखावतो. बरं, मग 'लोकशास्त्रज्ञ'. त्यावर एक बाई कळवळल्या, "लोक म्हटलं की ते वेगळे, आपण वेगळे, असं होतं हो." 'स्वयंसेवक' पुरुषी. 'सहभागी' म्हणजे दुय्यम. 'मदतनीस' म्हणणाऱ्याकडं तर सगळ्यांनी असं बघितलं जसं काय त्यानं आईमाईवरून शिवी दिली. मला कोणीतरी मावशी म्हणालं, तर ललितनं, मॅडमच्या हाताखालच्या पोरानं, त्याला दटावलं. मावशी म्हणणं म्हणजे हिणवणं म्हणे. अरे बाबा, माझ्या बहिणीची पोरं काय मला हिणवतात?

शेवटी माझ्यावर आले. "भागुबाईजी, तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?"

माझं डोकं उठलेलं. म्हणलं, "आमच्यात सावड असते. आज मी तुझ्या वावरात राबते, उद्या तू माझ्या वावरात यायचं. तुमच्या बाटल्या आम्ही भरल्या. आता तुम्ही सावड फेडा. उद्या सुनावणीला या."

टाळ्या! दाढीवाल्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं. ललितनं 'सावड' फळ्यावर लिहिलं, भोवती गोल काढला, फोटो काढले. फेडायचं मात्र कोणी ऐकलंच नाय. गाढवापुढं वाचली गीता! मॅडमनी तेवढा माझा हात धरला. "येते मी, नक्की येते. आणि अहवालही आजच दुरुस्त करून पाठवते." मला काय माहीत ह्यांची दुरुस्ती कसली असते.

दुसऱ्या दिवशी मॅडम खरंच आल्या. पण मागच्या रांगेत बसल्या. पुढं या म्हणलं तर म्हणे, "पुढं तुम्ही बसा, हा तुमचा मान." आणि मी येडी, मला बरं वाटलं.

कारखान्याचा वकील अहवाल घेऊन उठला. "साहेब, यावर कोणा तज्ज्ञाचं नाव नाही, सही नाही. पहिल्याच पानावर छापलंय, आम्ही सगळे सावडकरी, आमच्यात कोणी तज्ज्ञ नाही, कोणी अडाणी नाही." रातोरात मॅडमनी आपली डॉक्टरकी खोडून टाकली होती, का तर आम्हाला कमीपणा वाटू नये! आमच्या नावांच्या मधी त्यांचं नाव, नुसतं योगिनी.

साहेबानं चष्मा काढला. "मग पाणी तपासलं कोणी? तज्ज्ञ कोण?"

मी उठले. "ह्या काय मागं बसल्यात. मॅडम, उठा. सांगा तुमची डॉक्टरकी."

मॅडम उठल्या. वकिलाकडं बघितलं, त्याच्या शेजारी बसलेल्या कारखान्याच्या मालकाकडं बघितलं. एक पाऊल मागं सरकल्या. मग म्हणाल्या, "सर, आमच्या कामात आम्ही असा भेद मानत नाही. आम्ही सगळे समान आहोत."

समान! तिच्या घरी फिल्टरचं पाणी, आमच्या घरी विष, आणि म्हणे समान. भ्याली ती बाई, निव्वळ भ्याली, आणि वर तत्त्वाची शाल पांघरली. अडाणी माणूस भ्यालं तर निदान पळून तरी जातं. मी भर सुनावणीत बोलले, "मॅडम, पोरगं तुमचं असतं तर झाल्या असतात ना डॉक्टर?" मॅडम खाली बसल्या. साहेबानं लिहिलं, तज्ज्ञ कोणी नाही. अर्ज फेटाळला.

बाहेर ललित गाडी घेऊन उभा. नव्या नावाच्या पाटीसंगं बायांचा फोटो पाहिजे होता त्याला. चांगुणानं त्याला अशी शिवी हासडली की कुठल्याच हॉटेलात तिला दुसरा शब्द सापडला नसता. आम्ही रिक्षानं घरी आलो.

सुवर्णा दारातच पोराला कडेवर घेऊन उभी होती. "आत्याबाई, काय झालं? नळ येणार?"

म्हणलं, "नळ नाय. पण मान लय दिला गं आपल्याला."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग पोराला माझ्याकडं दिलं, हंडा उचलला आणि त्याच विहिरीवर गेली.