चार बाण आणि चाळीस जणी

जळगावच्या यादवला व्यवस्थापनशास्त्रात डॉक्टर व्हायचं होतं. शहाण्णव सालचा शेवटचा महिना उरला होता. प्रबंध द्यायची मुदत संपली की नोंदणी रद्द. विषय होता, केळी सोसायटीच्या सभासदांचा चेअरमनवर विश्वास का बसतो. नफा, वागणूक, विश्वास अशा चौकटी काढायच्या, मधे बाण सोडायचे, आणि कुठला बाण लागला ते संगणकाने सांगायचं. पद्धती दोन. लिझरेल ही थोरली, तिला सभासदांनी भरलेले फॉर्म शेकड्यांनी लागतात. पीएलएस धाकटी, ती थोडक्यात भागवते. यादवने थोरली निवडली. माणूस डॉक्टर एकदाच होतो!

चोपड्याजवळच्या एका गावातून तीनशे फॉर्म भरून आले. धुळ्यात मार्गदर्शक रतिलाल सरांच्या संगणकाने ते गिळले आणि गणित करायला साफ नकार दिला.

"अरे, तीनशे जणांनी एकच उत्तर लिहिलंय," सर म्हणाले. "फरकच नाही, तर बाण काय हवेत मारू?"

यादवने मिळेल ती एसटी पकडून गाव गाठलं. चेअरमन तोताराम आबांची छाती फुगलेली.

"सभा बलाई, प्रश्न वाचात, उत्तरं मंजूर कयात. बठ्ठं एकमतनं शे, भाऊ!"

"आबा, मला मतभेद हवेत हो!"

आबांनी गंभीरपणे मान डोलावली. लगेच तातडीची सभा बोलावली आणि मतभेद करण्याचा ठराव मांडला. सूचक चुडामण, अनुमोदक लोटन. ठराव एकमताने मंजूर. कोणी कोणाशी किती भांडायचं, यासाठी उपसमिती.

यादव डोकं धरून एका घराच्या ओट्यावर बसला. त्या घरच्या सुमनबाई चाऱ्याचा भारा उतरवत म्हणाल्या, "हाऊ कागद आमले कसा नही दिधा? आम्ही बी सभासद शेतस."

यादव ताडकन उठला. निवडणुकीत मतं वाढावीत म्हणून नवऱ्यांनी बायकांना सभासद करून ठेवलं होतं, पण सभेला कधी बोलावलंच नव्हतं. अशा चाळीस जणी!

तो घरोघर पळत सुटला. एकीने आबांच्या वागणुकीला पाचपैकी पाच दिले. शेजारीण मंदाबाईने एक दिला, वर शून्याचा रकाना का नाही म्हणून यादवलाच झापलं. यादवला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"चाळीसच?" धुळ्यात सर म्हणाले. "थोरली दारात उभं करणार नाही."

"धाकटी घेतो, सर! विश्वासाच्या चौकटीवर येतात चारच बाण. बाणामागे दहा फॉर्म, तुम्हीच शिकवलंत!"

सरांनी कळ दाबली. तीन बाण ढेपाळले. वागणुकीकडून विश्वासाकडे जाणारा चौथा मात्र खणखणीत लागला. यादवने सरांना मिठी मारली, मग संगणकाला.

मुदतीच्या आदल्या दिवशी, नावात 'महिला सभासद' घालून, प्रबंध जमा झाला.

"तोंडी परीक्षेला चाळीसही जणी यायचं म्हणताहेत, सर."

"एका गाडीत?"

"छे, छे! त्यांचं एकमेकींशी जमतं कुठे?"