जुनं माप

मास्तरांनी शिवणकामाच्या दुकानाचं शटर कायमचं ओढलं, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून तोंडालाही कुलूप. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून न दमलेला माणूस घरात खुर्चीला टाचल्यासारखा बसून राही. शेवटी बायकोने निक्षून सांगितलं, "अहो, बुधवारी गटात चार शब्द बोला. नाहीतर मी लेकीकडे राहायला जाते. भिंतींशीच बोलायचं, तर तिच्याकडेही भिंती आहेत."

गट म्हणजे वाचनालयावरच्या खोलीत गोल मांडलेल्या आठ खुर्च्या. कुणाला नुकतं बाळ झालेलं, कुणाची मुलं लांब गेलेली, कुणाचं काम सुटलेलं. संसार असा कूस बदलतो तेव्हा जोडप्यांनी इथे येऊन मन मोकळं करायचं. समुपदेशक ताईंनी त्या दिवशी विचारलं, "जोडीदाराबद्दल तुम्हाला काय पक्कं ठाऊक आहे?"

मास्तरांची पाळी आली. बायको दाराकडे बघत होती. मग सवयच बोलली.

"खांदा चौदा, बाही एकवीस, कंबर अठ्ठावीस."

सगळे खळखळून हसले. बाळाचा बाप म्हणाला, "मला तर हिच्या चपलेचा नंबरही ठाऊक नाही."

"वाढदिवस ठाऊक आहे का, ते विचारा," त्याची बायको म्हणाली.

मास्तरांची बायको तेवढी हसली नाही. "ही मापं लग्नातली आहेत," ती हळूच म्हणाली.

"याच मापाने दरवर्षी तुझा ड्रेस शिवतो. कधी तक्रार नाही आली."

"कशी येईल? तुम्ही दुकानात गेलात की मी शिवण उसवायची, आत दुमडलेली जादा कापडाची माया सोडायची, परत टाके घालायची. एवढे नावाजलेले हात तुमचे, चुकलं कसं म्हणू? यंदा मात्र सोडायला कापड पुरलं नाही."

महिन्याभराने परत आलेलं गिऱ्हाईकही मास्तर नव्याने उभं करून मापत. हिला तेवढं कधी उभं केलं नव्हतं. हिचं माप म्हणे पाठ. त्यांचा हात खिशात गेला. दुकान गेलं, पण टेप तिथेच होती.

"उभी राहा."

"इथे? लोक बघतायत."

"बघू देत. माप घेतल्याशिवाय मी कात्री धरत नाही."

ती उभी राहिली. टेप खांद्यावर टेकली. चष्मा घरीच राहिलेला. "वाच गं."

"पंधरा."

"साडेपंधरा?"

"पंधराच. उगाच वाढवू नका."

आणि माप घेता घेता मास्तर गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलायला लागले. गळा कसा ठेवू, खिसा हवा का, हल्ली गुडघा दुखतो का, झोप लागते का. ती एकेक सांगत गेली. ताई घड्याळ बघायचं विसरल्या.

"आणि लेकीकडे कधी निघतेस?"

"ड्रेस झाला की बघू."

"मग सावकाश शिवतो," मास्तर म्हणाले.