मला जरा उचला हो!

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. घरातली नव्हे, बोटीवरची. एका छोट्या यॉटच्या मागच्या डेकवर, सागवानी फळ्यांवर, अगदी मापात कापून मला बसवलं आहे. माझा धंदा पडून राहण्याचा आणि स्वभाव मात्र चुळबुळा. आता बोला! जरा वारा सुटला की माझा कोपरा उठतो, कुणाचं पाऊल वाजलं की जीव वरखाली होतो. आताही तुमच्याशी बोलताना माझं अर्धं लक्ष खालच्या फळ्यांकडे आहे. का, ते सांगते.

माझा जन्म धक्क्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक नणंद आणि तिची भावजय बोटींच्या चटया शिवायच्या. कात्री कुणी हरवली, चहा कुणी करायचा, यावरून दोघींचं दिवसभर वाजायचं. मापाच्या बाबतीत मात्र दोघी एक. आधी त्या बोटीवर जाऊन डेकवर पारदर्शक प्लास्टिक अंथरत, प्रत्येक खांबाची आणि वळणाची रेघ मारत आणि त्या प्लास्टिकवर ठळक अक्षरांत 'वर' असं लिहीत. कारण एकदा भावजयीने प्लास्टिक उलटं धरून कापलं होतं आणि डाव्या बाजूची चटई उजव्या बाजूची होऊन जन्माला आली होती.

"वहिनी, 'वर' लिहिलंय ते वरच ठेवा हं," नणंद रोज म्हणायची.

"वन्सं, इतक्या बोटी आल्या न् गेल्या, तुमचा टोमणा काही बदलला नाही!"

आम्ही तिघी बहिणी. पुढचा डेक फायबरचा, गुळगुळीत. तिथे पाय घसरू नये म्हणून थोरलीला खालून जाड रबर लावलं. धाकटीचे पातळ तुकडे करून ते शिडीच्या रंगवलेल्या लोखंडी पायऱ्यांवर बसवले. मी मधली, सागवानासाठी. मला खालून जाळी लागायची होती, म्हणजे पाणी निघून जातं आणि लाकडाला वारा मिळतो. जाळी कापूनही ठेवली होती. तेवढ्यात मालकीणबाई आल्या आणि घोडं अडलं.

तो डेक बाईंच्या नवऱ्याने बसवला होता. ते सुतार, सगळे त्यांना दादा म्हणत. फळी न् फळी त्यांनी स्वतः रंधा मारून बसवली होती. बोटीवर चढायचं तर चपला टोपलीत टाकून, अनवाणी, असा त्यांचा नियम. मग एक दिवस त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं. तेव्हापासून बाईंना एकच ध्यास लागला. दादा परत बोटीवर येतील तेव्हा डेक त्यांनी ठेवला होता तस्साच दिसला पाहिजे.

"हिलाही रबरच लावा," बाई म्हणाल्या. "जाड."

"काकू, लाकडाला वारा लागतो हो," नणंद म्हणाली.

"वारा नको, ऊन नको, पाणी नको. काही म्हणजे काही लागू द्यायचं नाही त्याला."

"मग निदान रोज उचलून खालून वाळवा," भावजय म्हणाली. "उचलते की," असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण उचललं कधीच नाही.

सुरुवातीला माझे काय लाड! बाई मला तळहाताच्या फोडासारखं जपायच्या. रोज पुसायच्या, मला डेकला धरून ठेवणारी कडेची बटणं दाबून दाबून बघायच्या. धक्क्यावरचे लोक म्हणायचे, "चटई असावी तर अशी, जागची हलत नाही!" मीही फुगले. मग एकदा लाटेचं पाणी उडालं, शिवणीतून खाली उतरलं आणि तिथेच बसलं. माझ्या रबराने त्याची वाटच अडवली होती. हळूहळू खालून कुबट वास यायला लागला. फळी फुगतेय, हे मला कळत होतं. मी घाबरले, मित्रांनो. जिला जपायला मला आणलं, तीच माझ्याखाली कुजत होती आणि मला तोंड नव्हतं.

मी एक बटण सोडलं. बाईंनी ते दाबलं. मी कोपरा वर केला. बाईंनी त्यावर पाण्याचा डबा ठेवला. मी जिद्दीने दुसरं बटण तोडलंच, तेव्हा ते बदलायला नणंद आली. तिने नाक आक्रसलं.

"काकू, जरा उचलून बघूया?"

"हात लावू नकोस! ते आले की मीच उचलणार. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मूठ असेल हो सव्वा लाखाची! पण ओल्या लाकडाचं काय?

शेवटी दादा आले. डाव्या हातात काठी, दुसरीकडून बाईंनी धरलेलं. "हळू! इथे बसा. तुम्ही काही करू नका," बाईंचं चाललंच होतं. दादांनी पायानेच चपला सारल्या आणि माझ्यावर अनवाणी उभे राहिले.

"हे... काय?"

"अहो, तुमच्या डेकवर ओरखडासुद्धा पडू दिला नाही मी."

"काढ."

बाईंनी हौसेने बटणं उघडली आणि मला एका झटक्यात वर ओढलं. खाली भला मोठा काळा डाग. फळ्या बुरसटलेल्या, रबर चिकटलेलं. बाई "मी जपलं हो... मी तर जपतच होते," म्हणून रडायला लागल्या. मला वाटलं, आता समुद्रात जाऊन पडावं.

दादा काठी टेकत खाली बसले. डाव्या अंगठ्याने एकेक फळी दाबून पाहिली. "वरवर... गेलंय. आत घट्ट आहे. पॉलिश पेपर दे."

"तुम्ही कशाला? मी सुताराला बोलावते ना!"

"मग मी... कोण आहे?"

दादांनी आपल्या सदऱ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी सकाळी त्याची बटणं गळ्यापर्यंत लावून दिली होती. "अगं, मला पण... जरा वारा लागू दे."

बाईंनी डोळे पुसले आणि पॉलिश पेपर आणून दिला. दादांनी उजवा हात कागदावर ठेवला, त्यावर डावा ठेवला आणि घासायला लागले. मग ते रोज येऊ लागले. डाग फिका झाला, पण पुरता गेला नाही. माझं रबर सोलून मला जाळी लावली. "मी तेव्हाच सांगितलं होतं," असं नणंद-भावजय दोघीही म्हणाल्या आणि आधी कुणी सांगितलं, यावरून पुन्हा जुंपली.

मित्रांनो, आता मी विरले आहे, कडा उसवल्या आहेत. तरी रोज मला वाळत टाकतात, म्हणून माझं नीट चाललंय. ज्याला जपता त्याला नुसतं झाकून ठेवू नका. अधूनमधून वरचं काढा आणि खाली बघा, एवढंच माझं मागणं.

बरं, थांबते. उचलायची वेळ झाली. दादा माझी बटणं उघडतायत, उजव्या हाताने. एकेका बटणाला फार वेळ लागतोय. बाई शेजारीच उभ्या आहेत, स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरून.