काकवी

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट एका हातातून दुसऱ्या हातात जातं, मागून द्राक्षरसाचा प्याला येतो, आणि तेवढा वेळ अप्पा पेटी वाजवतात. अडतीस वर्षं वाजवत आलेत. सूर असा हलका, की शेवग्याच्या फांदीवर पाखरू बसावं आणि फांदीला कळू नये.

यंदा नवे पाळक आले. नाव संग्राम, पण माणूस शांततेचा भुकेला. येत्या रविवारी ताट फिरताना पेटी नको, देवाला जरा बोलू देऊ, म्हणाले.

मंडळीला पटलं. अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. पंख्याची घरघर ऐकू येईल, म्हाताऱ्यांची पोटं वाजतील, बाहेरच्या भाजीवाल्याची हाळी आत येईल, असं त्यांनी सांगून पाहिलं. पाळक म्हणाले, येऊ द्या. मग अप्पांनी बायकोला, बनाबाईला, खरं काय ते सांगितलं.

दोन्ही हात पेटीत गुंतलेले, म्हणून ताट अप्पांपुढं कधी थांबलंच नव्हतं. डावीकडच्यांना वाटे उजवीकडच्यांनी दिलं, उजवीकडच्यांना वाटे डावीकडच्यांनी. अडतीस वर्षांत त्या भाकरीचा कण अप्पांच्या जिभेवर पडला नव्हता. आणि अप्पांना तेच हवं होतं.

कारण पेटीवाला निवडायचा होता तेव्हा दोघे उभे होते, अप्पा आणि भिंतीला भिंत लागून राहणारा त्यांचा चुलतभाऊ केरबा. केरबाचा हात जास्त गोड. परीक्षेच्या सकाळी अप्पांनी केरबाच्या पेटीत, पट्ट्यांच्या फटीत, गुऱ्हाळावरची ताजी काकवी सोडली. केरबानं पहिली पट्टी दाबली ती वर आलीच नाही. सगळ्या गीताखाली तो एकच सूर म्हशीसारखा रेकत राहिला. अप्पांची निवड झाली, केरबा तिसऱ्या बाकावर जाऊन बसला तो आजतागायत. असल्या हातानं भाकर कशी घ्यायची? म्हणून अप्पा वाजवत राहिले.

बनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "अडतीस वर्षं माझ्याकडनं ती पेटी पुसून घेतलीसा," ती म्हणाली, "आन् हे आत्ता सांगतायसा व्हय?"

रविवारी पेटीवर पांढरं कापड पडलं. बनाबाईनं अप्पांना मुद्दाम तिसऱ्या बाकावर, केरबाच्या शेजारी नेऊन बसवलं. ताट निघालं. पहाटेच्या तळ्यासारखी शांतता पसरली. अप्पांचा डावा हात सवयीनं हवेतच भाता हलवू लागला. बनाबाईनं तो धरून मांडीवर ठेवला.

ताट केरबाच्या हाती आलं. आता ते अप्पांना द्यायचं. अप्पा कुजबुजले, पण त्या शांततेत कुजबूजसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत गेली.

"केरबा, तुझ्या पेटीत काकवी मी घातलीती."

पाळकांनी एक डोळा उघडला.

"ठावं हाय की," केरबा म्हणाला. "तुझ्या सैपाकघरापासनं माझ्या पेटीपतूर मुंग्यांची रांग लागलीती."

"मग कवा बोलला न्हाईस त्ये?"

"तू पेटी थांबवलीस कवा?"

मागं कुणाला तरी खोकल्याच्या नावाखाली हसू आलं. केरबानं ताट पुढं केलं.

"घे. ह्यात काकवी न्हाय."

अप्पांनी तुकडा घेतला. बोटांतून तो एकदा निसटला, ताटातच पडला, केरबानं पुन्हा उचलून दिला. अप्पांनी तो किती वेळ चघळला, कुणास ठाऊक. पंखा घरघरला, भाजीवाला ओरडून गेला, पोटंही वाजली. घड्याळाकडं कुणी पाहिलं नाही.

शेवटच्या गीताला पाळकांनी खूण केली, पण अप्पा उठेनात. त्यांनी केरबाला कोपरानं ढोसलं. केरबा पेटीवर बसला आणि पहिल्याच ओळीत तीनदा चुकला. मंडळी त्याच्यामागनं अडखळत निघाली, आणि तिसऱ्या बाकावरून अप्पा आयुष्यात पहिल्यांदा हात मोकळे सोडून गायले.

अप्पांचा आवाज इतका भसाडा आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. थांबवलं कुणीच नाही.