घडीवरचा माणूस

...आणि पेन्सिलची ती रेघ मधेच तुटली नव्हती, कागदाच्या घडीला लागून सरळ खाली उतरली होती – पट्टी लावल्यासारखी सरळ. घडी तिनंच घातलेली; बाबांची चाचणी घ्यायला तिनं कागद पर्समध्ये दुमडून आणला होता. रेघेच्या उजवीकडे अर्धा माणूस : एक डोळा, एक वेणी, एक खांदा, एक हात, एक पाय. डावीकडे काही नाही. पायाशी बसलेलं मांजर मात्र मिशांपासून शेपटीपर्यंत अख्खं.

"एक माणूस काढा, एक प्राणी काढा" – वीस वर्षं ती इस्पितळात लोकांना हे सांगत आली होती. मेंदूला झटका आलेल्यांची अशी अर्धी चित्रं तिनं ढिगानं पाहिली होती. डावी बाजूच त्यांच्या लेखी उरत नाही, ताटातलं उजवीकडचं तेवढं खातात आणि पोट भरलं नाही म्हणतात... घरचा पेशंट घेऊ नये, हे तीच शिकाऊंना बजावायची. पण दादा म्हणाला होता, "तू बघून सांग. बाबांना डावीकडचं दिसत नसेल तर शिलाईचं मशीन आजच हलवतो. सुई बोटात घुसायची एखाद्या दिवशी."

मशीन हलवलं तर बाबांचं उरणार काय?

"बाबा, माणूस अर्धाच काढलात?"

"कापड घडीवर घेतात ना, चिमे? अर्धा आखायचा, उलगडला की अख्खा."

"मग मांजर?"

"मांजराला काय सदरा शिवायचाय?"

तिला हसू फुटलं. काय हा माणूस! समोरून येणाऱ्याचा खांदा उतरता आहे हे त्यांना नमस्काराआधी कळायचं, आणि शिवताना त्या बाजूला ते गुपचूप कापूस भरायचे. गिऱ्हाइकाला एवढंच कळे, की आरशात आज आपण बरे दिसतोय. आणि आपण? आपण लोकांतलं उणं हुडकून फायलीत लावत आलो... पण असली हजरजबाबी उत्तरं पेशंटही देतात, हेही तिला ठाऊक होतं.

"हे चित्र कुणाचं काढलंय पण?"

"तूच की. वेणी ओळखली नाहीस?"

तिचा हात आपसूक डाव्या खांद्याकडे गेला. लहानपणापासून उतरता. शाळेच्या प्रत्येक झग्यात तिथे कापूस असायचा. आणि खांदे सारखे नसतील तर घडीवर कापायचं नाही, दोन्ही बाजू वेगळ्या आखायच्या – हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. ते विसरले? की डावीकडचं खरंच निसटलं? की त्यांच्या लेखी... त्यांच्या लेखी मी सरळच होते, सगळी वर्षं?

तिचा फोन वाजू लागला; दादाचाच. बाबा मांजराला आणखी एक मिशी काढत होते, जीभ दातांत धरून. ती कागदाच्या कोऱ्या अर्ध्याकडे बघत राहिली, आणि आपण ताठ बसलो आहोत हे तिच्या उशिरा लक्षात आलं.